शटरचा टीव्ही : दुरुस्तीच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

माळ्यावरून टीव्ही खाली घेतला. मी, भाचा आणि शेजारचे दादा असे तिघं लागलो, तरी जिन्याच्या वळणावर एकदा दम खावा लागला. लाकडी कॅबिनेट, समोर सरकतं शटर, चार निमुळते पाय, त्यातला एक ढिला. आत ५१ सेंटिमीटरची ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच पडली, तिच्या जागी दोन भोकं आहेत. शटरला कुलूप. किल्ली शोधायची कुठे या विचारात होते, तोवर आईनं देवघराच्या खणातून ती आणून माझ्या हातावर ठेवली. इतकी वर्षं ती तिथंच होती आणि घरात दुसऱ्या कोणाला पत्ता नव्हता.

"काय करून राहिली तू याचं?"

"चालू करते."

"आणि त्यात पाहणार काय?"

उत्तर अर्धंच तयार आहे, ते इथं लिहून ठेवते. हा टीव्ही बाबांनी १९८३ च्या उन्हाळ्यात घेतला, मी दहा वर्षांची होते. तेव्हा कार्यक्रम ठरलेल्या वेळेला सुरू व्हायचे आणि ठरलेल्या वेळेला संपायचे. संपले की बाबा शटर ओढायचे आणि दिवस संपायचा. आता फोनवर पाहायला एवढं आहे की माझं काहीच शेवटापर्यंत पाहून होत नाही. एका सिनेमाची वीस मिनिटं, कोणाच्या मुलाखतीची चार, मध्येच मेसेज, आणि रात्री साडेबाराला डोळे चुरचुरत असताना काय पाहिलं ते सांगता येत नाही. माझ्या खोलीत टीव्ही नाही, त्याला बारा वर्षं झाली. पाहणं मात्र थांबलं नाही, फक्त विखुरलं.

म्हणून हे काम. संच चालू करायचा, रोज दोनच तास पाहायचा, आणि वेळ संपली की पडद्यावर मुंग्या, म्हणजे सिग्नल नसताना वळवळणारे काळे-पांढरे ठिपके, आल्या पाहिजेत. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ धरून चालले आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर मागचं झाकण उघडलं. धुळीचा थर बोटाच्या पेराएवढा. ब्रशनं आणि केस वाळवायच्या यंत्राच्या थंड हवेनं काढला. स्पीकरच्या तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत. बाकी वायरिंग शाबूत.

झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत लायसन्सचं पुस्तक चिकटपट्टीनं लावून ठेवलेलं मिळालं. टीव्हीचं वर्षाला ५० रुपये लायसन्स असायचं, ते पोस्टात भरायचं. पानावर तिकिटं डकवलेली, त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का, शिक्क्याची शाई तिकिटाच्या कडेबाहेर कागदावर उतरलेली. मालकाच्या नावाच्या रकान्यात बाबांचं जाड अक्षर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हे लायसन्स बंद झालं, त्यामुळे पुढची पानं कोरी आहेत. एका कोऱ्या पानावर पेन्सिलीनं "उभा होल्ड: अर्धा आटा डावीकडे" एवढंच लिहिलंय. उभा होल्ड म्हणजे वर-खाली फिरणारं चित्र थांबवायचा खटका. तेवढं माझ्या कामाचं आहे.

१५ डिसेंबर, रविवार

बंद पडलेला जुना संच थेट प्लगला लावायचा नाही. सिरीज बोर्ड तयार केला, म्हणजे संचाच्या वाटेत १०० वॉटचा पिवळा बल्ब घातला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि संच वाचतो.

पिक्चर ट्यूबच्या कडेला रबराची टोपी असते, तिच्याखाली संच चालू असताना पंधरा हजार व्होल्टच्या वर दाब असतो. संच कित्येक वर्षं बंद आहे, तरी स्क्रूड्रायव्हरला तार बांधून, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या लेपाच्या अर्थला लावून टोपीखाली टेकवला. ठिणगी आली नाही. बाबा टेलिफोन खात्यात होते. उघड्या संचाजवळ एक हात खिशात, हा त्यांचा नियम. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. माझ्या कुर्त्याला खिसा नाही, मी डावा हात पाठीवर ठेवते. त्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं तेव्हा मी आठवीत होते. थेंब तारेवर पडू द्यायचा नाही, तार तापवायची आणि थेंबाला तिच्याकडे येऊ द्यायचं. अजून तसंच करते.

वीज साठवणारे भाग, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, यांची यादी काढली: चौदा. तीन फुगलेले, दोघांच्या बुडाशी चिकट डाग.

१८ डिसेंबर, बुधवार

नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, सीताबर्डीकडे जाणारे रस्ते अडवलेले. सामान आणायला गेले नाही.

२२ डिसेंबर, रविवार

इतवारीत एक वयस्कर टेक्निशियन अजून बसतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. काउंटरवर आता मोबाइलच्या काचा आणि रिमोट, मागच्या फळीवर मात्र लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, यादीबरहुकूम कपॅसिटर, सगळं खोक्यांत. मी यादी दिली तर त्यांनी आधी संच कोणत्या जातीचा, शटर कोणत्या बाजूला सरकतं, ते विचारलं. मग म्हणाले, "ताई, लावल्यावर आडवी रेघ आली तर घाबरजा नका. पण ब्राइटनेस ताबडतोब खाली घेजा. सगळा उजेड एकाच रेघेत पडते ना, ट्यूब जळते तिथं."

रामायण सुरू होतं तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊच्या आत आठ-दहा घरी जावं लागायचं, असं ते सांगत होते. लोक सायकलवर बसवून न्यायचे. दुरुस्त झाला की हातात पैसे द्यायचीही कोणाला सवड नसायची, सगळे पडद्याकडे तोंड करून बसलेले. ते पैसे सोमवारी घ्यायला जायचे.

संध्याकाळी चौदाही कपॅसिटर बदलले. सिरीज बल्ब लावून बटण दाबलं. बल्ब पूर्ण पेटला, हळूहळू मंद झाला, स्पीकरमधून (तारा बदलल्यात) खरखर आली. अर्ध्या मिनिटानं पडद्याच्या बरोबर मध्ये एक पांढरी आडवी रेघ. ब्राइटनेस लगेच खाली घेतला. भाचा खूश, म्हणाला, "चालू झाला!" चालू झालाच म्हणायचा. ट्यूब जिवंत आहे.

२९ डिसेंबर, रविवार

आडव्या रेघेचं कारण सापडलं. पडद्यावरचं चित्र हे खरं म्हणजे एकच ठिपका आहे. तो डावीकडून उजवीकडे धावतो, सेकंदाला १५,६२५ वेळा, आणि धावता धावता त्याला वरून खाली ओढलं जातं. अशा ६२५ रेघांचं एक पूर्ण चित्र, सेकंदाला २५ चित्रं. आडवं धावणं ठीक होतं, खाली ओढणारा भाग मेला होता. त्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती सोल्डरला गोल चीर पडलेली, नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. भिंग लावून, बोर्ड कलता धरून, टॉर्चचा उजेड आडवा टाकला तेव्हा केसाएवढी काळी कडी दिसली. जुनं सोल्डर काढून नवं भरलं.

रेघ उघडली. आधी वीतभर उंचीची पट्टी, मग हाइटचा प्रीसेट फिरवल्यावर वरपासून खालपर्यंत पूर्ण पडदा. आणि पडदाभर मुंग्या.

मी बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत बसले. संचाकडे आता पकडायला काही उरलेलं नाही. आमच्या हनुमाननगरातून दूरदर्शनचा मनोरा वायव्येला, सेमिनरी हिल्सवर. गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड तिकडे असायचं, संक्रांतीला त्यात मांजा अडकायचा आणि बाबा दुसऱ्या दिवशी वर चढून बोटं कापून घेत तो सोडवायचे. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्यानं बंद झालं, २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ट्रान्समीटर थांबले. मनोरा अजून दिसतो. या संचाशी बोलेल असं त्यावर काही नाही.

म्हणजे घरातच छोटं केंद्र उभारायचं. सेट टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज मॉड्युलेटरमध्ये घालायचा, तो त्यांना जुन्या चॅनलच्या लहरीवर चढवतो, आणि ती वायर अँटेनाच्या जागी लावायची.

५ जानेवारी २०२५, रविवार

मॉड्युलेटर ऑनलाइन मागवला होता, आला. ट्यूनरचे संपर्क स्पिरिटनं पुसले, खट खट करत फिरवला, चौथ्या चॅनलवर चित्र आलं. सातच्या बातम्या. चेहरा आधी खालून वर गोल गोल फिरत होता. "उभा होल्ड: अर्धा आटा डावीकडे." थांबला.

आवाज नाही. नुसती घरघर.

८ जानेवारी, बुधवार

कारण कळलं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर ५.५ मेगाहर्ट्झ वर असते. चौथ्या चॅनलवर चित्र ६२.२५, आवाज ६७.७५. मी मागवलेला मॉड्युलेटर अमेरिकी पद्धतीचा, त्यात अंतर ४.५. संच आवाज शोधतोय एका जागी, तो येतोय दुसरीकडे. हे विकत घेण्याआधी बघायला हवं होतं. सीताबर्डीतल्या 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांत चौकशी केली, शेवटी केबलच्या जुन्या कंट्रोल रूममधून निघालेला एक वापरलेला मॉड्युलेटर मिळाला, त्यावर अंतर बदलायची सोय आहे.

१२ जानेवारी, रविवार

आवाज आला. भाच्यानं टाळी दिली. चित्राला उजवीकडे थोडी सावली पडते, वायर लांब आहे म्हणून असावी.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज काम काही केलं नाही, पण आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

तिळगूळ द्यायला बहीण, भाचा, शेजारच्या काकू आल्या. संच हॉलमध्येच आहे, त्यामुळे गोष्ट रामायणावर गेली. आमच्या गल्लीत तेव्हा तीन टीव्ही होते, आमच्याकडे वीस-पंचवीस माणसं जमायची. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं ते १९८८ च्या जुलैअखेरपर्यंत, म्हणजे मध्ये दोन उन्हाळे गेले. मे महिन्यात सकाळी साडेनऊला नागपुरात ऊन चांगलंच चढलेलं असतं, पण आम्ही कूलर बंद ठेवायचो. कूलर लावला की पडद्यावर पांढरे ठिपके फुटायचे, आणि व्होल्टेज पडून चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. घामानं निथळत, मांडीला मांडी लावून सगळे गप्प. मी हे रंगवून सांगत होते. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट एकाच वेळी पाहायची, ते आता राहिलं नाही, असं मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

आई तिळगुळाच्या वाट्या भरत होती. तिथूनच म्हणाली, "मी कुठं पाह्यलं? मी ऐकलं."

काकू हसल्या, "अवं वहिनी, तुमच्याच तं घरी होतं."

"घरी होतं. मी आत होते. चहा कोण करत होतं पंचवीस जणांचा? आवाजावरून समजे मला. संगीत बदललं की समजे राक्षस आला. लक्ष्मणाला बाण लागला तेव्हा तुम्ही सगळे असे काही गप्प झाले, मला वाटलं लाइट गेली. दारापर्यंत आले, तं दारात माणसंच माणसं, पडदा दिसे ना. परत गेले, दूध उतू चाललं होतं."

मी विचारलं, आणि १९८३ ची फायनल? २५ जूनच्या रात्री भारतानं १८३ करून वेस्ट इंडिजला १४० वर बाद केलं, बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, ती माझी या टीव्हीची पहिली आठवण आहे.

"तुम्ही ओरडले तेव्हा मी चौथ्या चहाची साखर घालत होते."

मग तिनं सांगितलं की रामायण तिनं पहिल्यांदा पाहिलं ते लॉकडाउनमध्ये. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आमच्याकडे कोणी येणार नव्हतं, चहा करायचा नव्हता. मी तेव्हा तिच्याशेजारीच बसायचे, एक डोळा लॅपटॉपवर. ती पदर तोंडाला लावून बघायची ते मला आठवतं. मला वाटायचं, जुन्या आठवणींनी गहिवरून येतंय. ती पहिल्यांदा बघत होती. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

रात्री सगळे गेल्यावर ८ डिसेंबरची नोंद काढून वाचली. साडेसहा ते साडेआठ. ही आईची भाजी फोडणीला टाकायची आणि पोळ्या लाटायची वेळ आहे, तेव्हाही होती, आत्ताही आहे. मी ऑफिसातून येते, हातपाय धुते आणि ताटावर बसते. आम्हाला जे ठरलेली वेळ म्हणून एवढं गोड लागलं, त्या प्रत्येक तासाला ती भिंतीपलीकडे उभी होती.

वेळेचा निर्णय खोडला. अजून नवा केलेला नाही.

१९ जानेवारी, रविवार

सावली कमी करायला वायर छोटी केली. अर्धा फरक पडला.

आईच्या खोलीतला मोठा टीव्ही दिवसभर बातम्यांवर असतो. मी काम करत होते आणि तिकडून चार माणसं एकदम ओरडत होती. मी उठून दार लावलं. मी टीव्ही का सोडला ते कधी लिहिलेलं नाही, ते आज लिहिते.

१९९२ च्या सुमारास गल्लीत केबल आली आणि टीव्ही संपायचा थांबला. पहिली काही वर्षं मला त्याचं फार सुख होतं. कॉलेजात होते, रात्री दोन वाजता कुठलं तरी इंग्रजी चॅनल लावून बसायचे आणि जग मोठं झाल्यासारखं वाटायचं. पुढे नोकरी लागली, स्वतःची खोली, स्वतःचा टीव्ही. घरी आल्या आल्या दिव्याच्या आधी टीव्ही लावायचे. पाहायचे असं नाही, तो चालू असायचा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. मी रात्री दहाला बसले आणि २९ तारखेच्या सकाळी ताजमधली चकमक संपेपर्यंत जवळपास उठलेच नाही. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. हॉटेलच्या खिडक्यांतून धूर, कमांडो दोरावरून उतरताना, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मला वाटत होतं, मी बघतेय म्हणजे मी त्या लोकांच्या बरोबर आहे. नंतर कळत गेलं की त्या थेट चित्रांतून आत बसलेल्यांना आणि त्यांना फोनवरून सूचना देणाऱ्यांना बाहेर काय चाललंय ते कळत होतं. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं कसाबच्या निकालात चॅनलांच्या त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, ते मी पेपरात वाचलं. मला माझा कोच आठवला, मांडीवर ताट घेतलेली मी आठवले. मी कॅमेरा धरला नव्हता. पण ते चित्र ज्यांच्यासाठी चाललं होतं, त्यांत मी होते. आठवडाभरात टीव्ही खोलीतून काढून आईकडे नेऊन ठेवला.

आई दार उघडून आली. "आवाज लागते का तुला?" मी हो म्हणाले. "मला तो नसला तर भांड्यांचा आवाज लागते," ती म्हणाली, आणि गेल्यावर तिकडचा आवाज कमी झाला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी संचावर कर्तव्यपथावरचं संचलन लावलं. पहिल्यांदाच दोन तास सलग चालवला. ट्रान्सफॉर्मर कोमट, वास नाही, चित्र स्थिर.

भाचा आला आणि दारातच थबकला. "मावशी, हे काय वाजून राह्यलं?"

मला काही ऐकू येत नव्हतं. आईलाही नाही. तो खोलीभर फिरला, कान लावत संचामागे गेला. "इथून. बारीक शिट्टी. डोक्यात जाते."

मला एकदम कळलं. ठिपका सेकंदाला १५,६२५ वेळा धावतो, तो लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरला थरथरवतो, आणि त्याची शिट्टी निघते. लहानपणी मी शाळेतून येताना फाटकाशी उभी राहून सांगू शकायचे की आत टीव्ही चालू आहे. आवाज बंद असला तरी. ती शिट्टी म्हणजे घरी आज काहीतरी आहे, अशी खूण होती. इतकी उंच पट्टी वयाबरोबर कानातून जाते. माझी कधी गेली ते मला कळलंही नाही. ती गेली तेव्हा मी टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत असेन.

भाच्याला सांगितलं, बंद केल्यावर थांबते का बघ. बंद केला. चित्र मिटत मिटत मधोमध पांढरा ठिपका उरला, बाजरीच्या दाण्याएवढा, आणि विझला. "थांबली," तो म्हणाला. मग त्यानं मला दहा वेळा चालू-बंद करायला लावलं आणि मी केलं, खरं तर अशा संचाला ते बरं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जामठ्याला इंग्लंडविरुद्ध वनडे. अर्धी सुट्टी घेऊन आले. मैदान इथून फार तर पंधरा किलोमीटर, पण तिथलं चित्र वर ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला जाऊन परत आमच्या हॉलमध्ये येतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पांढरा चेंडू छान दिसतो.

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी. संचावर चौकार दिसला, आमच्याबरोबरच समोरच्या घरातून ओरडा आला, त्यांच्याकडे डिश आहे. मग डावीकडच्या घरातून, ते इंटरनेटवरून टीव्ही बघतात. आणि जवळजवळ अर्ध्या मिनिटानं वरच्या मजल्यावरची मुलं ओरडली, ती मोबाइलवर. एका चौकाराला गल्ली तीनदा ओरडते. भाच्यानं घड्याळ लावून मोजलं, शेवटचा ओरडा कधी २८ सेकंदांनी, कधी ३५. त्याला याचं काही वाटलं नाही. मला पूर्वीचा एकदम उठणारा ओरडा आठवला, सगळ्या घरांतून एका क्षणी.

आणि त्याच वेळी आई आठवली, हातात साखरेचा चमचा घेतलेली. भारत चार गडी राखून जिंकला.

१६ फेब्रुवारी, रविवार

टायमर बसवला. तो संचाची वीज तोडत नाही, फक्त मॉड्युलेटरची तोडतो. म्हणजे वेळ संपली की चित्र जातं, मुंग्या येतात, आणि बंद करायला कोणीतरी उठावं लागतं. रिमोट नाही, हेच हवं होतं.

वेळ आईला विचारली. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "तुम्हाला जमेल ती ठेवा." तिसऱ्यांदा मी कागद-पेन घेऊन समोर बसले. मग तिनं विचार केला. दुपारी जेवण, भांडी, थोडं पडणं, मग साडेतीनला ती मोकळी असते. साडेपाचला भाजी निवडायला घेते.

"साडेतीन ते साडेपाच," ती म्हणाली. "आणि खुर्ची समोर पाहिजे. मध्ये कोणी बसायचं नाही."

लिहून संचाच्या बाजूला चिकटवलं. याचा अर्थ आठवड्याचे पाच दिवस मी ऑफिसात असेन आणि माझ्या प्रकल्पातलं पाहणं मला शनिवार-रविवारीच मिळेल. ढिला पाय आज पक्का केला. किल्ली तिच्याकडेच.

२ मार्च, रविवार

गेले दोन आठवडे ती रोज बसते. काय लावायचं तेही तीच ठरवते: जुनी नाटकं, कधी शेतीचा कार्यक्रम. मुंग्या आल्या की उठते, बटण दाबते, ठिपका विझेपर्यंत थांबते, शटर ओढते. खोलीतला मोठा टीव्ही दुपारी बंद असतो, तिनं आपण होऊन केला. आज रणजी फायनलचा शेवटचा दिवस, जामठ्यालाच, केरळवर पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता. ती भाच्याच्या मोबाइलवर पाहिली, साडेतीन व्हायच्या आत.

चित्राची सावली पूर्ण गेली. वायरचा दोष नव्हता, जॅकच सैल होता.

९ मार्च, रविवार

दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, न्यूझीलंडशी. आपल्या अडीचला सुरू. आई साडेतीनला तिच्या खुर्चीत, मी आणि भाचा सतरंजीवर, दोन्ही बाजूंना, मध्ये कोणी नाही.

साडेपाचला त्यांची फलंदाजी सुरू असतानाच चित्र गेलं आणि मुंग्या आल्या. भाचा ओरडला, "आजी, मॅच!" मी आईकडे पाहिलं. ती उठली. मला वाटलं, शटर ओढणार. तिनं खुर्ची जरा पुढे घेतली आणि पुन्हा बसली.

"लाव परत," ती मला म्हणाली. "आणि आज पोळ्या तू कर. भाजी निवडलेली आहे."

टायमरला बगल देऊन मॉड्युलेटर थेट लावला. त्यांनी २५१ केल्या. आपला डाव सुरू झाला तशी मी आत गेले. कणीक भिजवली, वांग्याची भाजी टाकली. पोळ्या लाटताना कॉमेंट्री नीट कळत नव्हती, पंख्याच्या आवाजात शब्द विरत होते, पण भाच्याच्या आणि आईच्या आवाजावरून अंदाज येत होता. मध्येच दोघं गप्प झाले. मी दारापर्यंत आले, पिठाचे हात वर धरून. विकेट गेली होती. तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून परत गेले.

बाराव्या पोळीला आई ओरडली. आधी ती, लगेच समोरचं घर, मग डावीकडचं. जडेजाचा चौकार, एक षटक बाकी असताना. मी गॅस बंद करून धावले तोवर पडद्यावर सगळे मैदानात पळत होते. आईनं मान वळवून मला सगळं सांगायला सुरुवात केली, चेंडू कुठे पडला, बॅट कशी फिरली, कोण कसा उडी मारून पळाला. ती सांगत असतानाच वरच्या मजल्यावरची मुलं ओरडली.

संच आज सहा तासांच्या वर चालला. ट्रान्सफॉर्मर गरम, चटका बसण्याइतका नाही. मागच्या झाकणाला हवेसाठी वरच्या बाजूनं आणखी भोकं पाडायची आहेत, उन्हाळा तोंडावर आहे. टायमरला बाहेरून एक बटण जोडायचं, आईच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.